ग्रेडर साहेबांचं नाक

माझ्या नणंदेला गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलं. आमच्या घरात असं काही निघालं की डॉक्टरांवर विश्वास ठेवण्याआधी ज्याचं झालंय असा एखादा माणूस शोधायची पद्धत आहे. ती रिपोर्टची पिशवी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या ऑफिसात एकाचं झालं होतं ना? फायदा झाला का त्याला?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मग पहिल्यापासून सांगायला लागले. तिचा चहा गार झाला, माझं सांगून संपलं, आणि जाताना ती म्हणाली, "पण मग मी करू की नको?"

ज्यांचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं नाव मुरलीधर रामटेके. घाटंजीच्या पुढे रस्त्याला लागून एक सरकारी कापूस खरेदी केंद्र होतं, तिथले ते ग्रेडर. शेतकऱ्यानं आणलेला कापूस पाहायचा आणि त्याला नंबर द्यायचा हे त्यांचं काम. त्या नंबरावर भाव ठरायचा. मी काट्यावरची कारकून. रोज सकाळी यवतमाळहून एसटीनं यायची, बैलबंडी नाहीतर ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन लिहायची आणि दिवसभर लोकांची बोलणी खायची. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेला, रांग फाटकाबाहेर पार नाल्यापर्यंत गेलेली, दोन-दोन दिवस बंडीखाली झोपून माणूस काट्यावर आला की पहिला राग निघायचा तो माझ्यावर. मीही काही गरीब गाय नव्हते. एकाचे दोन ऐकवायची.

रामटेके साहेबांशी मात्र कोणी भांडत नसे. उंच, काटकुळे, पन्नाशीच्या आसपासचे, भर मे महिन्यातसुद्धा गळ्यात तपकिरी मफलर. खिशात तीन रुमाल. एक नाकासाठी, एक चष्म्यासाठी आणि तिसरा कोणी मोठा साहेब आला तर नाकासाठी. सकाळी आल्याबरोबर ऑफिसच्या किटलीत निलगिरीचे थेंब टाकून ते डोक्यावर पंचा घेऊन वाफ घ्यायचे. त्याच किटलीत नंतर सगळ्यांचा चहा व्हायचा. आमच्या चहाला वर्षभर बामाचा वास असायचा आणि शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे नाक मुरडत तो प्यायचे. साहेब एकटेच म्हणायचे, आज चहा फर्मास झाला.

त्यांचं नाक कायम चोंदलेलं. बोलताना 'न'चा 'द' आणि 'म'चा 'ब' व्हायचा. मी सुनंदा, पण मला ते सुदंदाबाई म्हणायचे. "सुदंदाबाई, वजद सांगा." पहिले आठ दिवस मला हसू आवरायचं नाही. नंतर एकदा दुपारी ते टेबलावर कपाळ टेकून बसलेले पाहिले, दोन्ही अंगठे भुवयांच्या खाली दाबून धरलेले, आणि हसू आपोआप गेलं. मी विचारलं, फार दुखतं का. ते म्हणाले, "दुखत नाही. कोंबलं हाय. गठाण दाबतेत ना मशीनमध्ये, तसं कपाळात कोणीतरी कापूस दाबून राह्यलं." (त्यांची बोली मी इथे आणि पुढेही चोंदलेल्या नाकाशिवाय लिहिते, नाहीतर वाचणाराही कंटाळेल.)

आणि तरीही सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होतं ते त्यांचं नाकच. बंडी उभी राहिली की साहेब चाकावर पाय देऊन वर चढायचे. हात काखेपर्यंत कापसात खुपसायचे, अगदी तळातला मूठभर कापूस उपसायचे, ओंजळीत धरून चेहऱ्याजवळ न्यायचे आणि डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे. तेवढा वेळ आजूबाजूची माणसं बोलणं थांबवायची. मग साहेब डोळे उघडून सांगायचे, "ओला हाय. उन्हात टाका," किंवा "नंबर एक." झालं. त्यावर अपील नव्हतं. वरून कोरडा आणि आतून पाणी शिंपडलेला कापूस त्यांनी किती जणांचा पकडला याच्या गोष्टी बाजारात सांगितल्या जायच्या. ओलावा मोजायचं एक यंत्र ऑफिसच्या कपाटात होतं. ते कधीचं बिघडलं होतं. दुरुस्तीला पाठवा असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण साहेबांचं नाक होतं.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती एका आंबलेल्या भाजीवरून.

जेवायला आम्ही दोघं शेडमध्ये बसायचो. ते डब्याच्या झाकणात आपल्या भाजीतली थोडी काढून आधी माझ्यापुढे सरकवायचे, मगच स्वतः जेवायचे. त्या दिवशी उकाडा होता. वांग्याची भाजी माझ्या तोंडाजवळ यायच्या आतच मला कळलं की ती गेलेली आहे. मी वर पाहिलं तर साहेबांची अर्धी पोळी संपली होती आणि ते चवीनं खात होते.

"साहेब, भाजी आंबली आहे."

त्यांचा हात थांबला. डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच झाकण लावलं.

"शोभाले सांगू नका," ते म्हणाले. शोभाताई म्हणजे त्यांची बायको. "तिले समजलं तं ते विचारन का तुमाले काहून नाही समजलं."

मी माझा डबा त्यांच्यापुढे सरकवला. मग तेच म्हणाले, "चार वर्सं झाले, सुनंदाबाई. काहीच येत नाही. फुलाचा नाही, गटाराचा नाही."

"मग कापूस?"

त्यांनी खिशातून सरकीचं एक बी काढलं आणि दाढेखाली धरलं. कट्ट असा आवाज आला. "वाळली असली तं अशी फुटते. ओली असली तं चेपते. बाकी हाताले समजते."

"मग नाकाला लावता कशाला?"

"नाक लोकाइसाठी हाय. दातानं पाह्यलं तं भांडतेत. नाकानं पाह्यलं तं ऐकतेत."

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्या भागातले बौद्ध समाजातले ते पहिले ग्रेडर. नोकरीवर लागले त्या पहिल्या दिवशी रांगेतला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, आता हे आमचा कापूस हुंगणार काय. "तव्हापासून हुंगूनच दाखवतो," साहेब म्हणाले. तेव्हा नाक चांगलं होतं. पुढे वीस हंगाम कापसाची धूळ खाऊन ते बंद होत गेलं, आधी एक बाजू, मग दुसरी. पण तोवर नाकाचं नाव झालेलं. आता सांगायचं कोणाला? ग्रेडरला वास येत नाही म्हटलं की त्याला कुठल्या तरी गोदामात बसवणार, आणि बाजारात काय काय बोललं जाणार ते त्यांना पाठ होतं. "बायकोलेबी सांगतलं नाही. तिचा भाऊ याच बाजारात आडत्याकडं कामाले हाय."

त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झाले. म्हणजे ठरवून असं काही नाही. चहा जळला, कोणी रॉकेलच्या कॅनशेजारी कापसाची पोती ठेवली, की ते सहज माझ्याकडे बघायचे आणि मी आपलं नाक खाजवायची. मग ते गंभीरपणे म्हणायचे, "इथं रॉकेलचा वास येऊन राह्यला, कोणं ठेवलं हे?" शिपाई गार व्हायचा. मला तो खेळ आवडायला लागला होता. एक गुपित आपल्याकडे आहे याचाही मला थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

विकत घेतलेला कापूस मैदानात रचायचे, त्याला गंजी म्हणत. घरापेक्षा उंच गंजी. डोक्यावर टोपले घेऊन कापूस वर नेऊन टाकणाऱ्या बायका होत्या, त्यांना तिकडे रेजा म्हणतात. त्यांची मुकादम दुर्गाबाई. हिवाळा संपता संपता दोन दिवस अवेळी पाऊस झाला. रांगेतल्या बंड्या भिजल्या. गंजीवर ताडपत्री होती, पण एका बाजूनं पाणी गेलं. ओला कापूस दडपून राहिला की आतल्या आत तापतो. आधी आंबूस वास सुटतो, मग गरम होतो आणि कधी कधी पेटतो. म्हणून पावसानंतर ग्रेडरनं गंजीभोवती फिरून वास घ्यायचा, हे केंद्रातलं जुनं काम. लिहिलेलं कुठे नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई साहेबांकडे आली. मी काट्यावरून ऐकत होते.

"साहेब, मांगच्या बाजूनं वास येऊन राह्यला. आंबल्यासारका."

साहेब तिच्यामागे गेले. सगळ्या रेजा टोपली खाली ठेवून बघत उभ्या. त्यांनी गंजीत हात घातला, कापूस काढला, चेहऱ्याजवळ नेला. त्या दिवशी त्यांचं डोकं सकाळपासून दुखत होतं, डोळे लाल होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. चाळीस पावलांवर मी होते. एक ट्रॅक्टरवाला वजनावरून माझ्याशी वाद घालत होता आणि मी त्याला सोडायला तयार नव्हते. साहेब माझ्याकडे बघतायत हे मला कळलं. मी काटा सोडून तिथं जायला हवं होतं. मी गेले नाही.

साहेबांनी कापूस खाली टाकला. "काही नाही," ते म्हणाले. "वरची ओल हाय. ऊन लागलं का जाईन."

आणि दुर्गाबाईनं मान डोलावली. नंतर तिनं मला सांगितलं, "मले वाटलं साहेबाच्या नाकापुढं माह्यं नाक काय लागून गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या बाजूनं धूर निघाला. माणसाला काही झालं नाही, पण गंजी गेली. शेजारची अर्धी गेली. खरेदी पंधरा दिवस बंद पडली आणि नाल्यापर्यंत लागलेल्या रांगेतली माणसं कापूस भरलेल्या बंड्या घेऊन परत गावाकडे वळली. कोणाकडे लग्न होतं, कोणाचं पोर दवाखान्यात होतं. एवढ्या लोकांच्या रागाला एक नाव लागतं. ते करीमचाचांचं लागलं.

करीमचाचा फाटकावरचे चौकीदार. रोजंदारीवर, पण बारा वर्षं तिथंच. जेवणानंतर गंजीच्या मागच्या भिंतीशी बसून एक बिडी ओढायची आणि थोटूक पाण्याच्या डब्यात टाकायचं, ही त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. चौकशीला आलेल्यांना तो डबा सापडला. डब्यात थोटकं सापडली. थोटकं डब्यातच सापडली म्हणजे बाहेर पडली नाहीत, हे कोणी बोललं नाही. दुर्गाबाईला विचारलं तर तीसुद्धा गोंधळून म्हणाली, वास आला होता खरा, आंबल्याचा नसंल, बिडीचाच असंल. चाचांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागदही लागत नाही. पुढे बाजारात पोरंसोरं त्यांच्याकडे बोट दाखवायची, यानंच कापूस जाळला. त्यांची दोन्ही मुलं ट्रॅक्टरचे मेकॅनिक, पण शेतकरी त्यांच्या गॅरेजकडे फिरकेनात. तेव्हा मुलंही बापाला म्हणायला लागली, अब्बा, एकदाचं कबूल करा, लोक विसरतील. चाचा दर सोमवारी फाटकावर यायचे आणि आत न येता विचारायचे, "हेड ऑफिसातून काही आलं का?"

मी साहेबांना एकदाच विचारलं. "साहेब, चाचांचं काय?"

"पहिले नाक दुरुस्त करतो," ते म्हणाले. "एकदा का वास याले लागला, मंग मले सांगता येते. का तव्हा येत नव्हता, आता येते. मंग नोकरीबी राह्यते अन तो बुढाबी सुटते." हे त्यांनी इतक्या बारकाईनं ठरवलेलं पाहून मला कळलं की आग लागल्यापासून ते याशिवाय दुसरं काही विचारच करत नव्हते.

यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. ऑफिसात त्यांनी हर्नियाची रजा टाकली. शोभाताईंना यवतमाळची माहिती नव्हती, म्हणून मी सोबत. डॉक्टर तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या बाई होत्या. स्कॅनची काळी फिल्म खिडकीला धरून त्या म्हणाल्या, "इथे काळं दिसायला पाहिजे, म्हणजे हवा. तुमचं सगळं पांढरं आहे. भरलेलं." साहेब त्या पांढऱ्याकडे बघत राहिले. मग डॉक्टरांनी साफ सांगितलं. नळी घालून आत वाढलेले मांसाचे कोंब काढू, वाटा मोकळ्या करू. श्वास सुटेल, डोकेदुखी बरीचशी जाईल. वासाचं मात्र सांगता येत नाही. कोणाला येतो, कोणाला थोडा येतो, कोणाला येतच नाही. आणि रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, जन्मभर. "मी नाली साफ करून देते. पुन्हा त्यात कचरा गेला तर पुन्हा तुंबेल. धुळीत जाणं सोडा."

"सोडतो," साहेब म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कुठं जाऊ सोडून?"

केसपेपर लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, वास कधीपासून येत नाही. साहेबांच्या तोंडून खरं निघून गेलं. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत पाठवलं, जमलं तर एक महिन्यापासून, म्हणजे आगीच्या सुमारापासून, असं लिहून घ्या म्हणून. डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "त्यांनी सांगितलं ते लिहिलंय," त्या म्हणाल्या. डिस्चार्ज कार्डावरही तेच आलं: वास न येणे, चार वर्षांपासून. साहेबांनी ते कार्ड चौघडी घालून वरच्या खिशात ठेवलं.

नाकातल्या पट्ट्या काढल्या तेव्हा ते ओरडले नाहीत, पण नंतर शोभाताईंना म्हणाले की नाकातून एवढं लांबलचक काहीतरी निघालं, मले वाटलं मेंदूच येऊन राह्यला बाहेर. आठ दिवसांत श्वास मोकळा झाला. पंधरा दिवसांत कपाळातली गठाण गेली. किती वर्षांनी ते उताणे झोपले. शोभाताई मला म्हणाल्या, "घोरणंच बंद झालं, सुनंदाताई. मले भेव वाटलं, हातानं छाती पाह्यली." आणि कामावर आले त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, सुनंदाबाई, दोन्ही 'न' स्वच्छ. माझं नाव इतकं चांगलं आहे हे मला माहीतच नव्हतं.

डॉक्टरांनी दिलेला मास्क त्यांनी दोन दिवस लावला. तिसऱ्या दिवशी रांगेतून कोणीतरी म्हणालं, तोंड बांधून साहेबाचं नाक कसं चालन? त्यांनी मास्क काढून खिशात घातला. पुन्हा तेच चढणं, तेच ओंजळ चेहऱ्याशी नेणं. धूळ आत जातेय हे मला दिसत होतं, त्यांना कळत होतं, आणि बंडीवाल्याला त्यांचं नाकच हवं होतं. मला त्या वेळी सगळ्यांचाच राग यायचा.

वास मात्र येत नव्हता. शोभाताईंना दवाखान्यात एकदाचं सगळं कळलं होतं. त्या रोज सकाळी त्यांचे डोळे मिटायला लावून कधी हिंग, कधी लसूण, कधी कापूर पुढे धरायच्या. साहेब दरवेळी म्हणायचे, "हिंग." एखाद्या दिवशी ते बरोबर यायचं.

दीडेक महिन्यानं, उन्हं तापायला लागली होती, दुपारी सगळे जेवायला गेलेले. साहेब मागच्या भिंतीकडे उभे दिसले. जळलेल्या गंजीची जागा तिथं काळी पडली होती, ती कोणी साफ केली नव्हती. त्यांनी मला हातानं बोलावलं.

"इथं काही वास येते काय?"

"हो."

"कायचा?"

"जळक्या कापसाचा, साहेब."

ते खाली बसले. काळी माती हातात घेतली, नाकाशी नेली, ठेवली, पुन्हा घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं आनंदानं. मीही हसून म्हणाले, झालं की साहेब, आला वास.

"हा कव्हापासून येऊन राह्यला इथं?"

"त्या दिवसापासून."

"सगळ्याइले येते?"

"सगळ्यांनाच येतो, साहेब."

"अन चाचाले?"

चाचा तर सोमवारी फाटकापर्यंतच येत. पण वारा तिकडचा असला की फाटकावरही तो वास जायचा. मी तसं सांगितलं. साहेबांनी हातातली माती खाली ठेवली. आपल्याला जे हवं होतं ते मिळालंय आणि आता सबब संपली, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला तिथं उभं राहवेना.

पुढच्याच आठवड्यात वरिष्ठ अधिकारी आगीची फाइल पुरी करायला आले. साहेब तिसरा रुमाल घेऊन आत गेले आणि मला साक्षीला नेलं. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि सरळ सांगितलं: मला चार वर्षं वास येत नव्हता, रेजानं सांगितलं तरी मला गंजीतला वास कळला नाही, करीम चौकीदाराचा काही दोष नाही. अधिकाऱ्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग विचारलं, "ऑपरेशन कसं झालं?"

"चांगलं झालं."

"आता वास येतो?"

"येतो, सर."

"मग झालं तर." त्यांनी कार्ड साहेबांकडे परत सरकवलं. "चौकशी होऊन अहवाल वर गेलाय. हा कागद मी आत घेतला तर चार वर्षांची सगळी खरेदी उघडावी लागेल. तुम्हालाही त्रास, मलाही. चौकीदार रोजंदारीचा आहे, त्याला तसंही परत घेता येणार नाही. तुम्ही बरे झालात ना, तब्येत सांभाळा."

ऑपरेशन यशस्वी झालं म्हणूनच आता ते सांगून उपयोग नव्हता. बाहेर आल्यावर साहेब पायरीवर बसले. मी त्यांची समजूत घालायला गेले तर म्हणाले, "जा तुम्ही, काट्यावर लोकं उभे हायेत."

त्यानंतर माझी यवतमाळला बदली झाली. तिथला माझा शेवटचा दिवस सोमवार होता. हंगामाचा शेवट, फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावरच्या वेचणीचा डागी कवडी-कापूस घेऊन आलेल्या बंड्या, लोक चिडलेले. सकाळी करीमचाचा नेहमीसारखे फाटकावर आले आणि विचारलं, काही आलं का. शिपायानं नेहमीसारखं नाही म्हटलं. साहेब तेव्हा पहिल्या बंडीवर चढलेले होते. हातातला कापूस त्यांनी खाली टाकला आणि वरूनच म्हणाले, "चाचा, आत या."

चाचा आले नाहीत. तसेच फाटकात उभे राहिले.

"ऐका सगळे," साहेब म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मोकळ्या नाकाचा होता, लांबपर्यंत गेला. "गंजी चाचानं नाही जाळली. आतून तापून पेटली. दुर्गाबाईनं मले सांगतलं होतं वास येते म्हणून. मले आला नाही. मले चार वर्सं कोणताच वास येत नव्हता. नाकाचं ऑपरेशन केलं तव्हापासून येते."

पहिल्या बंडीचा मालकच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, बसल्या जागेवरून म्हणाला, "मंग चार वर्सं आमच्या कापसाले नंबर कोणत्या नाकानं देल्ला?"

"नाकानं नाही देल्ला. हातानं अन दातानं देल्ला. बरोबरच देल्ला असं मले वाटते."

"तुमाले वाटते," म्हातारा म्हणाला आणि बंडीवरून उतरला. मागच्या बंड्यांवरूनही माणसं उतरायला लागली. मागच्या वर्षी ज्याचा कापूस ओला म्हणून परत गेला होता तो, ज्याला दोन नंबर मिळाला होता तो. सगळे बंडीभोवती जमले. मी वजनाची वही मिटून उठले. दुर्गाबाई टोपलं डोक्यावर तसंच धरून उभी होती. ती कोणाला उद्देशून नाही, आपल्याशीच म्हणाली, "म्हंजे मले आलता तो वास खरा होता."

पुढचं मी यवतमाळला बसून ऐकलं. साहेबांना ग्रेडिंगवरून काढून सरकीच्या गोदामावर टाकलं, तिथं धूळ दुप्पट, आणि दोन वर्षांत नाकातले कोंब परत आले. चाचांना नोकरी मिळाली नाही. पण मी स्वतः पाहिलं ते त्या सोमवारचंच.

चार्ज देऊन मला अकराच्या बसनं निघायचं होतं. फाटकाशी चाचा उभे होते, त्यांची टोपी हातात. मी म्हटलं, "चाचा, यानं नोकरी परत मिळणार नाही हो."

"मालूम हाय, बाई," ते म्हणाले. "पण घरी जाऊन पोराइले सांगतो. आज त्याइले सांगता येते." आणि ते निघालेसुद्धा, बाजाराच्या बाजूनं, भराभर.

बस हॉर्न देत होती. मी वळून पाहिलं तर साहेब दिसतच नव्हते, चहूकडून माणसं आणि वर झालेले हात. मधूनच त्यांचा आवाज आला, "एक एक जण बोला. मी कुठं जाऊन नाही राह्यलो."